उचलून बघायचं न्हाई

दुसऱ्याच्या घरचं लग्न, बारसं, मुंज आपली मानणारी माणसं आमच्या मराठवाड्यात पैशाला पासरी मिळतील. पण दुसऱ्याचा अपघात आपल्या घरचं कार्य मानून, त्यासाठी सकाळपासून सदरा घालून तयार बसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघावा हा माझ्या पत्रिकेतला योग आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्कांचे यजमान. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी उभी नोकरी ड्रेसर म्हणून काढली. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, प्लास्टर भिजवायचं. डॉक्टर येत, बदलून जात, साडू तिथंच. नव्या डॉक्टरला पहिले सहा महिने ते 'सर' म्हणत आणि त्यानंतर 'सर, तसं न्हाई' म्हणत. निवृत्त झाले त्या दिवशी दवाखान्यानं त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. शाल त्यांनी बोटांत धरून चुरगळून पाहिली आणि अक्कांच्या कानात म्हणाले, "ही काही रगत धरायची न्हाई."

निवृत्तीनंतर माणूस घर बांधतो तेव्हा शाळा जवळ बघतो, देऊळ जवळ बघतो, निदान पाण्याची टाकी तरी बघतो. साडूंनी जालना-भोकरदन रस्त्यावर, केदारखेड्याच्या जरा अलीकडं, नेमकं वळण बघितलं. जागा विकणारा शेतकरी सरळ माणूस. त्यानं आधीच सांगून टाकलं, "साहेब, जागा चांगली आहे, पण इथं दर चार-आठ दिसाला कोणी ना कोणी पडून राह्यलं बघा." साडू म्हणाले, "मंग बराबर आहे. हीच द्या." घराचं तोंडही त्यांनी पूर्वेला ठेवलं नाही, वळणाला ठेवलं. ओसरीत खुर्ची अशी मांडली की दोन्ही बाजूंची वाहनं दिसावीत. पाहुणा आत बसून चहा पितोय आणि यजमान ओसरीतून, "ह्या पोरानं आरसा काढून टाकलाय, ह्याचं काही खरं न्हाई," असं पुटपुटताहेत, ही त्या घरची नेहमीची बैठक.

घर बांधताना त्यांनी सुताराकडून एक दार जास्तीचं करून घेतलं. सागवानी नव्हे, हलक्या लाकडाचं, कडेनं हात घालायला खाचा असलेलं. सुतारानं विचारलं, "ह्याची चौकट कुठं बसवायची?" साडू म्हणाले, "चौकट न्हाई. हे उघडायचं दार न्हाई, निजवायचं दार आहे." माप कोणाचं घ्यायचं हा प्रश्न आला तेव्हा ते स्वतःच जमिनीवर आडवे झाले आणि म्हणाले, "माझ्या मापाचं कर. माझ्याहून उंच माणूस ह्या रस्त्यावर क्वचित पडतो." ते दार ओसरीत भिंतीला टेकून असायचं. अक्का मोठ्या व्यवहारी. एवढं सपाट लाकूड रिकामं उभं राहिलेलं त्यांना बघवेना, म्हणून उन्हाळ्यात त्या त्यावर पापड वाळत घालू लागल्या. एकदा जाफराबादचे एक मास्तर मोटारसायकलवरून घसरले आणि साडूंनी घाईत पापडांसकट दार उचललं. मास्तर जालन्याला पोचले, डॉक्टरांनी त्यांना कुशीवर वळवलं, तर पाठीला उडदाचे चार पापड चिकटलेले. डॉक्टरांनी गंभीरपणे विचारलं, हा कोणता गावठी उपचार? साडू म्हणाले, "उपचार न्हाई सर, ती आमच्या मंडळींची अडचण आहे." मास्तर बरे झाले. अक्कांनी मात्र पुढचे दोन उन्हाळे पापड गच्चीवर घातले आणि प्रत्येक वेळी जिना चढताना साडूंना ऐकू जाईल असा सुस्कारा सोडला.

आमच्याकडं कुठल्याही कार्यात पुरुषमाणसाला टॉवेल-टोपीचा आहेर करतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. घेणारा टोपी डोक्यावर ठेवून घेतो, टॉवेल काखेत मारतो आणि पुढच्या लग्नात तोच टॉवेल दुसऱ्याला देतो. असे काही टॉवेल जिल्हाभर हिंडून आलेले असतात. साडू मात्र एकेक टॉवेल घरी आणून, उकळून, उन्हात वाळवून, घडी घालून एका पिशवीत भरत. अशी एक पिशवी ओसरीत खुंटीला आणि दुसरी त्यांच्या मोपेडच्या पायदानावर. लग्नसराईत ते पत्रिका नसलेल्या लग्नालाही जात, जेवत नसत, आहेराच्या रांगेत मात्र उभे राहत. पुढं पुढं आहेरात चकचकीत, पातळ, निसरडे टॉवेल यायला लागले आणि साडूंचा संताप अनावर झाला. जाफराबादच्या एका लग्नात नवरदेवाच्या मामांनी त्यांना मोठ्या मानानं टॉवेल दिला, तर साडूंनी तिथल्या तिथं शेजारच्याचा पाण्याचा पेला घेऊन त्या टॉवेलवर ओतला. पाणी सगळं मामांच्या नव्या बुटावर. साडू शांतपणे म्हणाले, "कपाशीच्या मुलखात राहून पाव्हण्याला प्लास्टिक देऊन राह्यले तुम्ही. हा टावेल नाकातलं रगतसुद्धा धरायचा न्हाई." मामा बिचारे आहेर देताना रक्ताचा विचार करणारे नव्हते. मी त्या दिवशी मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन जेवलो आणि कोणी विचारलं तेव्हा आपण मुलीकडचे असल्याचं सांगितलं.

त्यांचा उपदेश तीन वाक्यांचा होता. ओढायचं न्हाई, पाणी द्याचं न्हाई, उचलून बघायचं न्हाई. पडलेल्या माणसाला हातापायाला धरून ओढायचं नाही, कारण मान मोडलेली असली तर तो जन्माचा जायबंदी होतो. त्याला पाणी पाजायचं नाही. आणि रक्त वाहत असेल तिथं कपडा दाबून धरला की, थांबलं का हे बघायला तो उचलायचा नाही. भिजला तर त्याच्यावर दुसरा ठेवायचा, पण पहिला हलवायचा नाही. ही तीन वाक्यं त्यांनी कीर्तन संपल्यावर उभं राहून सांगितली, गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद हातात यायच्या आधी सांगितली, आणि आमच्या घराण्याच्या मोबाइलवरच्या गटात तर रोज सूर्योदयाला 'जखमेवर तंबाखू चोळू नये, शुभ सकाळ' असा संदेश येतोच. वळणासमोर चहाची टपरी चालवणारे चाचा त्यांचे रोजचे श्रोते. चाचांना बाकी सगळं पटत असे, पाण्याचं पटत नसे. "तहानेल्या माणसाला न्हाई म्हणणं गुनाह आहे साहेब," ते म्हणत, "वर गेल्यावर जवाब द्यावा लागतो." साडू म्हणत, "त्याला कामून वर पाठवून राह्यले तुम्ही? ऑपरेशनला भूल द्यावी लागली तर पोटातलं पाणी छातीत जातं. ओला कपडा ओठाला लावा, बस." दोघांचा हा वाद वर्षानुवर्षं चालला, आणि चाचा दरवेळी शेवटी एकच म्हणत, "मेरे हात से तो नहीं होगा."

मला साडूंनी तिसऱ्या वाक्यात नापास केलं होतं. एका उन्हाळ्यात त्यांच्याकडं मुक्कामाला असताना सकाळी कलिंगड कापताना मी स्वतःचा तळवा कापला. साडूंचा चेहरा एकदम प्रसन्न झाला. त्यांनी टॉवेल दाबून दिला, दहा मिनिटं धरायला सांगितलं आणि खिशातल्या बॉलपेननं माझ्या मनगटावर वेळ लिहिली. जखम दाबायला कधी सुरुवात केली हे पुढच्या डॉक्टरला कळावं म्हणून ते प्रत्येक जखमीवर, जागा मिळेल तिथं, वेळ लिहीत. ते पेन दुसऱ्या कुठल्याही कामाला वापरलेलं मी पाहिलं नाही. सही करायलासुद्धा ते दुसऱ्याचं पेन मागत. दोन मिनिटांनी मी हळूच टॉवेल उचलून डोकावलो. "पहिल्यापासून," साडू म्हणाले, आणि घड्याळ नव्यानं लावलं. चार मिनिटांनी मी पुन्हा डोकावलो. "पहिल्यापासून." माझा स्वभावच तसा आहे, कुकरची शिट्टी व्हायच्या आत झाकण हाताळणारा आणि कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचणारा मी माणूस. तीनदा पहिल्यापासून झाल्यावर ते अक्कांना म्हणाले, "ह्यांच्या हातात कुणाचा जीव देऊ नका." मी तसाच पंचायत समितीतल्या माझ्या नोकरीच्या कचेरीत गेलो, तर आमच्या साहेबांनी माझ्या मनगटावरचे 'अकरा वीस' हे आकडे वाचले, भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि म्हणाले, उशिराची वेळ निदान कागदावर तरी लिहून आणायची.

आता सोयाबीनचं सांगायला हवं. दिवाळीच्या सुमाराला आमच्याकडचे अर्धे रस्ते म्हणजे खळी होतात. डांबर तापलेलं, ऊन थेट, त्यामुळं शेतकरी सोयाबीन, मका रस्त्याच्या कडेला पसरतो आणि दुचाकीवाले त्यावरून घसरतात. साडू दर ढिगापाशी मोपेड थांबवून भांडत. "हे सोयाबीन न्हाई, छर्रे आहेत," ते म्हणत, आणि ढीग आवरल्याशिवाय हलत नसत. त्यामुळं खुद्द त्यांच्या घरामागच्या तीन एकरांतलं सोयाबीन घराच्या सावलीत, अंगणात कुढत वाळत असे. गेल्या वर्षीच्या दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्याकडं होतो. सकाळी अक्कांनी साडूंना ओवाळलं, कपाळाला कुंकू लावलं, आणि साडू एका जुन्या सोबत्याला भेटायला भोकरदनला गेले. ते वळणाआड होताच अक्का मला म्हणाल्या, "भाऊजी, दोन तास ऊन दाखवून घेऊ. ते यायच्या आत गोळा करू." मला गंमत वाटली. साडूंच्या पाठीमागं त्यांचा कायदा मोडायचा हा आनंद काही वेगळाच होता. मीच पोती ओढली, मीच दाताळं फिरवलं, आणि रस्त्याची कडा पांढऱ्या रेषेच्या आतपर्यंत झाकून टाकली.

सोबती घरी नव्हता, म्हणून साडू तासाभरात परत आले. मी ओसरीतून पाहत होतो. वळणावर त्यांना सोयाबीन दिसलं. नंतर ते कोणाचं आहे हे दिसलं. मग त्यांनी मला पाहिलं, आणि मला दटावण्यासाठी हँडलवरचा एक हात काढून बोट वर केलं. त्या बोटासकट ते आडवे झाले. मोपेड त्यांना घेऊन घसरत गेली, पायदानाच्या लोखंडानं मांडी उभी फाडली आणि पाय गुडघ्याच्या वर भलतीकडंच वळला.

मी धावत गेलो आणि पहिली गोष्ट काय केली असेल, तर त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उठवायला लागलो. इतकी वर्षं ऐकलेलं सगळं त्या क्षणी साफ गेलं. "ओढू नका," साडू म्हणाले. आवाज बारीक होता, पण ड्रेसरचा होता. मग म्हणाले, "सोयाबीन कोणी पसरलं?" मी म्हणालो, "मी." ते म्हणाले, "नंतर बघतो तुमच्याकडं. टावेल आणा."

टॉवेलची पिशवी घेऊन माझी बायको आधीच धावत आली होती. मी जखमेवर टॉवेल ठेवून दोन्ही हातांनी, सगळं वजन टाकून दाबलं. समोरून धावत आलेले चाचा आणि टपरीवरची दोन गिऱ्हाइकं ओसरीतलं ते बिनचौकटीचं दार घेऊन आली. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. एकानं मान दोन्ही हातांत धरली, एकानं मोडका पाय, आणि चाचांनी 'एक, दोन, तीन' म्हटल्यावर सगळ्यांनी त्यांना एका कलानं वळवून दार खाली सरकवलं. साडू पडल्या पडल्या बघत होते. "मान धरणाऱ्या, तुझं नाव काय? चांगली धरली," ते म्हणाले. दारावर ते टाचेपासून डोक्यापर्यंत बरोबर मावले. बायकोनं फोन केला. अॅम्ब्युलन्स निघाली होती, पण यायला अर्धा तास लागणार होता.

मी दाबूनच होतो, तेव्हा अक्का त्यांच्या उशाशी बसल्या. त्यांनी साडूंच्या खिशातलं पेन काढलं, माझ्या मनगटावरचं घड्याळ वाकून पाहिलं, आणि सकाळी आपणच लावलेल्या कुंकवाच्या खाली, साडूंच्या कपाळावर, ठळक अक्षरात 'बारा चाळीस' लिहिलं. लिहून झाल्यावर मात्र पेनाला टोपण लावायला त्यांना जमेना.

मग साडू पाणी मागू लागले. प्रथम साधं, मग हुकमी, मग विनवणीनं. तहानेनं त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "चाचा, एक घोट. मी सांगतो ना, एका घोटानं काही होत न्हाई." चाचांच्या हातात पाण्याचा तांब्या होता. ते साडूंकडं बघत होते आणि त्यांच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं, ते तांब्यातलं नव्हतं. "न्हाई साहेब," ते म्हणाले. "तुम्हीच सांगितलंय." त्यांनी खांद्यावरचं फडकं भिजवलं, पिळलं आणि साडूंच्या ओठांना लावलं. परत भिजवलं, परत लावलं. "वर मी जवाब देईन," ते पुटपुटत होते, "मी देईन जवाब."

साडू बोलत होते तोवर मला भीती नव्हती. मग ते बोलायचे थांबले. टॉवेल माझ्या बोटांखाली गरम आणि जड झाला होता. रक्त थांबलंय की मी नुसताच चिखल दाबून बसलोय, मला कळेना. फक्त कोपरा उचलायचा होता. एवढंसं डोकावायचं होतं. जन्मभर मी तेच करत आलोय. बायको जवळ आली आणि काही न विचारता पहिल्या टॉवेलवर दुसरा ठेवून गेली. माझे हात तिनं आपल्या हातांनी वर घेतले नाहीत, नुसता टॉवेल त्यांच्याखाली सरकवला. मी डोळे घट्ट मिटले आणि दाबत राहिलो. हात माझे राहिले नव्हते, गुडघ्याखाली सोयाबीनचे दाणे रुतत होते, आणि मला एवढंच वाटत होतं की ह्या माणसानं आता उठून मला शिव्या द्याव्यात, मनसोक्त द्याव्यात.

गाडी आली. आलेल्या डॉक्टरबाईंनी मान धरणाऱ्याला, दाराला, कपाळाला एकदा पाहिलं आणि विचारलं, "इथं कोणी दवाखान्यातलं आहे का?" चाचांनी दारावर निजलेल्या साडूंकडं बोट केलं.

जालन्याला त्यांच्या पायात सळई घातली, रक्ताच्या बाटल्या चढवल्या. तिसऱ्या दिवशी ते नीट शुद्धीवर आले. अक्कांशी बोलले नाहीत, माझ्या बायकोशीही नाही; मला खूण करून जवळ बोलावलं. मी सोयाबीनबद्दल माफी मागायची तयारी करून गेलो होतो. ते म्हणाले, "साडू, खरं सांगा. उचलून पाह्यलं का?"

"न्हाई," मी म्हणालो. "डोळे मिटले होते. उचलला असता तरी दिसलं नसतं."

ते हसायला लागले, टाके दुखले म्हणून थांबले, आणि म्हणाले, "तशीबी एक पद्धत आहे."

साडू आता काठी घेऊन चालतात, तेही ओसरीपुरतं. पाय बोटभर आखूड झाला. मोपेड विकली. रस्त्यावर करकचून ब्रेक लागला की ते अजून खुर्चीचे हात धरून उठायला जातात, आणि अर्ध्यात थांबून परत बसतात. ते मला बघवत नाही. तोवर चाचा टपरी सोडून निघालेले असतात. दार चाचांकडंच असतं आता. अक्कांनी पापड तिथंही पाठवले होते, चाचांनी परत केले.

यंदा दिवाळीच्या पाडव्याला आम्ही गेलो तेव्हा अंगणात, घराच्या सावलीत, सोयाबीन कुढत वाळत होतं. निघताना साडूंनी मला थांबवलं. साडूनं साडूला काही द्यायचं कारण नसतं, पण त्यांनी माझ्या डोक्यावर टोपी ठेवली आणि हातात टॉवेल दिला. जाफराबादच्या त्या लग्नाचा जुना सूड उगवावा म्हणून मी तिथलाच तांब्या उचलला आणि त्या टॉवेलवर पाणी ओतलं. साडू खुर्चीत पुढं वाकून बघत होते. खाली फरशीवर एक थेंबही पडला नाही.

"टोपी ठेवा घरात," ते म्हणाले. "टावेल गाडीत असू द्या." आणि वळणाकडं बघत, "आता तुमच्या तिकडच्या रस्त्याला तुम्हीच आहात."